उत्तरेच्या जंगलातले नत्र आणि पायाखालचे मॉस

उत्तर स्वीडन आणि फिनलंडमधील पाइन व स्प्रूसच्या जुन्या जंगलांना नत्र नेमके कोठून मिळते, हा प्रश्न वनशास्त्रज्ञांना बराच काळ सुटत नव्हता. वाढीसाठी लागणाऱ्या अन्नद्रव्यांपैकी या जंगलांत सर्वाधिक टंचाई असते ती नत्राची. हवेत ७८ टक्के नत्रवायू असला, तरी त्याच्या रेणूतील दोन अणू एकमेकांशी इतके घट्ट बांधलेले असतात की झाडांना तो थेट वापरता येत नाही. जमिनीत जे नत्र असते ते अर्धवट कुजलेल्या पालापाचोळ्यात अडकून पडते, कारण वर्षातील अनेक महिने बर्फाखाली असणाऱ्या थंड आणि आम्लधर्मी मातीत कुजण्याची क्रिया फार सावकाश चालते. स्वीडनमध्ये लाकडासाठी वाढवलेल्या जंगलांना नत्रखत देतात तेव्हा एका वेळी हेक्टरी साधारण १५० किलो नत्र टाकले जाते आणि त्यानंतर काही वर्षे झाडांची वाढ डोळ्यांत भरण्याइतकी वेगाने होते, यावरून ही उपासमार किती खरी आहे हे लक्षात येते.

कोडे असे होते की, एवढ्या टंचाईतही या जंगलांच्या जमिनीत नत्राचा साठा हळूहळू वाढतच असे. या भागात अधूनमधून वणवे लागतात आणि प्रत्येक वणव्यात पालापाचोळ्यातील बरेचसे नत्र वायुरूपाने उडून जाते. तरीही पुढच्या शंभर-दोनशे वर्षांत तो साठा पुन्हा भरून येतो. हवेतील नत्र स्थिर करणाऱ्या, म्हणजे ते वनस्पतींना वापरता येईल अशा रूपात आणणाऱ्या, ओळखीच्या वनस्पती येथे जवळपास नसतात. शेंगवर्गीय झाडे विरळ असतात, आल्डर हे झाड बहुधा पाण्याच्या काठाने वाढते, आणि नत्र स्थिर करणारी दगडफुले जुन्या जंगलाच्या जमिनीवर तुरळक असतात. औद्योगिक भागांपासून दूर असलेल्या या प्रदेशात पाऊस आणि हिमाबरोबर येणारे नत्रही थोडेच. खर्च दिसत होता, शिल्लकही दिसत होती, पण जमेच्या बाजूला तेवढी रक्कम काही केल्या सापडत नव्हती.

उत्तराचा मोठा भाग २००२ साली ‘नेचर’ या नियतकालिकात थॉमस डीलुका, ओल्ले झाक्रिसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केला. ज्याच्यावरून सगळे जण चालत होते, त्या मॉसच्या, म्हणजे जमिनीलगत गादीसारख्या पसरणाऱ्या छोट्या हिरव्या वनस्पतींच्या, गालिच्यातच ते दडलेले होते.

या जंगलांत जमिनीवर जे मॉस वाढते त्यात दोन जातींचे प्राबल्य असते. पहिली प्ल्युरोझियम श्रेबेरी आणि दुसरी हायलोकोमियम स्प्लेंडेन्स. दोन्हींच्या फांद्या पक्ष्याच्या पिसाप्रमाणे दोन्ही बाजूंना पसरलेल्या असल्याने त्यांना पिसांचे मॉस असे एकत्रित नाव आहे. प्ल्युरोझियमचे खोड तांबडे असते आणि फिकट हिरव्या, चकाकत्या, एकमेकींवर चढलेल्या बारीक पानांमधून ते सहज दिसते. हायलोकोमियमची रचना अधिक नाजूक आणि अधिक बोलकी आहे. दरवर्षी गेल्या वर्षीच्या फांदीच्या पाठीवरून नवा कोंब फुटतो, थोडा वर चढतो आणि मग आडवा पसरतो, त्यामुळे संपूर्ण रोप एखाद्या जिन्यासारखे पायरी-पायरीने वाढते. वरची पायरी यंदाची, तिच्या खालची गेल्या वर्षीची, असे मोजत खाली गेले की त्या रोपाचे अलीकडच्या वर्षांतील वय हाती लागते. ही गोष्ट वरवर गमतीची वाटली तरी पुढे प्रदूषण मोजणाऱ्यांना ती फार उपयोगी पडली.

शाळेत ब्रायोफायटा या मॉससारख्या बिनफुलांच्या साध्या वनस्पतींच्या गटाबद्दल जे शिकवले जाते ते येथे आठवावे. मॉसला खरी मुळे नसतात आणि पाणी वाहून नेणाऱ्या विकसित नलिकाही नसतात. या दोन जातींची पाने तर बहुतेक ठिकाणी एकाच पेशीच्या जाडीची असतात आणि मोठ्या वनस्पतींच्या पानांवर पाणी रोखणारे जे मेणचट आवरण असते, तसले काही या पानांवर जवळजवळ नसते. म्हणजे मॉस आपले पाणी आणि क्षार मुख्यतः वरून, पाऊस, हिम, धुके आणि झाडांवरून गळणाऱ्या थेंबांतून घेते. मातीत हात न घालता जगणारी ही वनस्पती असल्यामुळे मातीतील नत्रावर तिचा फारसा भरवसा नसतो, आणि येथेच तिच्या भागीदाराचा प्रवेश होतो.

प्ल्युरोझियमच्या खोलगट पानांच्या कुशीत, जेथे ओल टिकते तेथे, नॉस्टॉक आणि तत्सम नील-हरित शेवाळाच्या सूक्ष्म माळा राहतात. हे शेवाळ खरे तर सायनोबॅक्टेरिया म्हणजे प्रकाशसंश्लेषण करणारे जिवाणू आहेत, आणि त्यांच्याकडे नायट्रोजिनेज नावाचे विकर असते, जे नत्रवायूची ती घट्ट जोडी फोडून त्यापासून अमोनिया तयार करते. कोकणातील भातशेतीत वापरले जाणारे अझोला हे पाण्यावर तरंगणारे नेचे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना ही व्यवस्था अनोळखी वाटणार नाही, कारण अझोलाच्या पानांतील पोकळीतही नत्र स्थिर करणारे नील-हरित शेवाळच राहते. फरक एवढाच की, अझोलातील शेवाळ पिढ्यान्‌पिढ्या यजमानाच्या आतच राहते, तर पिसांच्या मॉसमधील शेवाळ पानांच्या पृष्ठभागावर वस्ती करते आणि प्रत्येक नव्या कोंबावर त्याला नव्याने येऊन बसावे लागते.

ते आपोआप येते असेही नाही. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत असे दिसले की, नत्राची टंचाई जाणवणारी ही मॉस काही रासायनिक द्रव्ये बाहेर सोडतात आणि त्यांच्या दिशेने नॉस्टॉकच्या हालचाल करू शकणाऱ्या माळा सरकत जातात. नत्राची मुबलकता असेल तेव्हा हे बोलावणे थांबते. भागीदारी हा शब्द आपण सहज वापरतो. येथे तो गरजेपुरता आणि गरज असेपर्यंतचाच करार आहे, हे ध्यानात ठेवलेले बरे.

हे सारे मोजले कसे, हेही थोडक्यात सांगण्यासारखे आहे. नायट्रोजिनेज या विकराची एक खोड अशी की, त्याला नत्रवायूऐवजी ॲसिटिलीन दिले तर ते त्याचे इथिलीन करते. म्हणून मॉसचे ताजे कोंब बंद बाटलीत ठेवून त्यात ॲसिटिलीन सोडायचे आणि ठरावीक वेळाने किती इथिलीन तयार झाले ते तपासायचे. नत्राच्या जड समस्थानिकाच्या साहाय्याने या मोजणीची खातरजमा केली की प्रत्यक्षात किती नत्र स्थिर झाले असते याचा हिशोब मांडता येतो. अशा मोजण्यांतून २००२ चा निष्कर्ष निघाला की, उत्तर स्कँडिनेव्हिया आणि फिनलंडमधील मध्यम वयाच्या व जुन्या जंगलांत प्ल्युरोझियमचा गालिचा वर्षाला हेक्टरी दीड ते दोन किलो नत्र आणतो.

हा आकडा किरकोळ वाटेल, आणि १५० किलोच्या खताच्या शेजारी तो किरकोळ आहेच. पण खत एकदा पडते, तर मॉस दरवर्षी काम करते, आणि दोन वणव्यांमध्ये एखादे शतक किंवा त्याहून अधिक काळ गेला तर ही जमा हेक्टरी काही शेकडो किलोंच्या घरात पोहोचते. त्यातच जगातील एकूण वनक्षेत्रापैकी चतुर्थांशाहून अधिक भाग या उत्तरेकडील जंगलांचा आहे आणि त्यातील सूचिपर्णी भागात पिसांच्या मॉसचे गालिचे ठिकठिकाणी पसरलेले आहेत.

यावरून मॉस झाडांना खत पुरवते असे सरळ विधान करण्याचा मोह होतो, आणि लोकप्रिय लिखाणात ते अनेकदा केलेही जाते. माझ्या मते ते अर्धेच खरे आहे. स्थिर झालेले नत्र आधी मॉसच्याच पेशींत जाते आणि तेथे दीर्घकाळ राहते. एवढेच काय, झाडांवरून गळणाऱ्या पाण्यातून येणारे नत्रही जमिनीत पोहोचण्यापूर्वी हा गालिचा शोषून घेतो. मॉसचा मेलेला भाग कुजायला फार वेळ लागतो, कारण त्यात जिवाणू आणि बुरशींना न आवडणारी फिनॉल वर्गातील द्रव्ये भरपूर असतात, आणि तो भाग मग खालच्या काळपट, आम्लधर्मी ह्यूमसमध्ये, म्हणजे कुजलेल्या वनस्पतींच्या थरात, जमा होतो. मॉस नत्र आणते, पण सोडते फार कष्टाने.

सोडते ते काही विशिष्ट प्रसंगी. कडक उन्हाळ्यात वाळून कोळ झालेले मॉस पावसात एकदम भिजले की त्याच्या पेशींचे पापुद्रे सावरेपर्यंत काही शर्करा आणि क्षार बाहेर झिरपतात. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात किरणोत्सारी खुणा लावलेले कार्बन व स्फुरद मॉसमधून पाइनच्या रोपांपर्यंत पोहोचताना दिसले, आणि ते पोहोचवले होते झाडांच्या मुळांशी सहजीवन करणाऱ्या बुरशींच्या तंतूंनी. ते तंतू मॉसच्या खालच्या भागांपर्यंत शिरलेले असतात. दुसरा मोठा प्रसंग वणव्याचा. तेव्हा काही नत्र उडून जाते, पण उरलेल्यापैकी बराच भाग वनस्पतींना घेता येईल अशा रूपात जमिनीत मोकळा होतो, आणि जंगलाची नवी पिढी त्यावर वाढते.

झाडांची ही नवी पिढी मॉसच्या गालिच्यात मात्र सहजासहजी उगवत नाही. पाइनचे बारीक बी त्या जाड, मऊ थरात अडकते, अंकुरते, आणि मूळ खालच्या मातीपर्यंत पोहोचण्याआधीच वरचा थर सुकला की मरते. म्हणूनच तेथील वनकर्मचारी तोडणीनंतर यंत्राने हा थर बाजूला सारून खनिज माती उघडी करतात आणि मग रोपे लावतात किंवा बी पडू देतात. थोडक्यात, मोठ्या झाडाच्या दृष्टीने जे मॉस दूरच्या काळात हिताचे ठरते, तेच त्याच्या बीजाच्या दृष्टीने प्रतिस्पर्धी असते.

नत्राचा हा व्यवहार जंगलाच्या वयाबरोबर कसा बदलतो, हे समजण्यासाठी उत्तर स्वीडनमधील हॉर्नावान आणि उद्याउरे या सरोवरांतील बेटे फार कामी आली. मोठ्या बेटावर वीज पडण्याची शक्यता जास्त, म्हणून तेथे वणवे वारंवार लागले. अगदी लहान बेटांपैकी काहींवर शेवटचा वणवा हजारो वर्षांपूर्वीचा आहे. हवामान एकच, खडक साधारण सारखे, फरक मुख्यतः वणव्यानंतर गेलेल्या काळाचा. निसर्गाने स्वतःच मांडलेला असा प्रयोग संशोधकांच्या वाट्याला क्वचितच येतो. लहान, न जळलेल्या बेटांवर ह्यूमसचा थर जाड होत गेलेला आढळला, झाडांची वाढ मंदावलेली आढळली, आणि मॉसमधील नत्र स्थिरीकरण मात्र मोठ्या बेटांपेक्षा अधिक आढळले. कारण वर आलेच आहे. वणव्यानंतरच्या पहिल्या काही दशकांत जमिनीत मोकळे नत्र पुरेसे असते, त्यामुळे मॉसमधील शेवाळ जवळपास निष्क्रिय राहते; जसजसे ते नत्र संपते किंवा अडकून पडते, तसतसे शेवाळाला बोलावणे जाते. मॉसचे तुकडे जुन्या जंगलातून तरुण जंगलात नेऊन लावले तर त्यांचे स्थिरीकरण घटते, आणि उलट केले तर वाढते, असेही प्रत्यक्ष लावून पाहिल्यावर दिसले.

आता या वनस्पतीच्या चिवटपणाकडे वळू. तिला स्वतःतील पाणी राखून ठेवता येत नाही, म्हणून हवा कोरडी झाली की ती कोरडी होते आणि हवा ओली झाली की ओली. सुकताना तिचे प्रकाशसंश्लेषण थांबते, श्वसन जवळपास थांबते, आणि पेशींतील साखरेसारखी द्रव्ये प्रथिने व पापुद्रे शाबूत ठेवण्याचे काम करतात. पाणी मिळताच थोड्याच वेळात कारभार पुन्हा सुरू होतो. थंडीतही हेच कौशल्य उपयोगी पडते. गोठताना बर्फाचे स्फटिक पेशींच्या बाहेर बनतात आणि पेशींतील पाणी बाहेर ओढून घेतात, म्हणजे पेशीच्या दृष्टीने गोठणे हे एक प्रकारचे सुकणेच असते. दुष्काळ सोसणाऱ्याला हिवाळा वेगळा शिकावा लागत नाही. शिवाय बर्फाचा जाड थर चढला की खाली तापमान शून्य अंशाच्या आसपास स्थिर राहते, आणि पातळ बर्फातून झिरपणाऱ्या मंद उजेडातही ही मॉस थोडेफार प्रकाशसंश्लेषण करू शकतात.

मॉस केवळ थंडी सोसत नाही. खालची जमीन थंड राखण्यातही त्याचा हात असतो. अलास्काच्या अंतर्भागातील काळ्या स्प्रूसच्या आणि मध्य सायबेरियातील लार्चच्या जंगलांत जमिनीचा खालचा थर वर्षानुवर्षे गोठलेला असतो, ज्याला पर्माफ्रॉस्ट म्हणतात. उन्हाळ्यात वरचे मॉस सुकलेले, हवेने भरलेले असते आणि उष्णता खाली जाऊ देत नाही. हिवाळ्यात तेच मॉस ओले असताना गोठते, आणि बर्फातून उष्णता पाण्याच्या सुमारे चौपट सहजतेने वाहते, त्यामुळे जमिनीतील उष्णता बाहेर पडायला वाट मिळते. येणारी उष्णता अडवायची आणि जाणारी जाऊ द्यायची, या एकतर्फी वागणुकीमुळे मॉसखालची जमीन शेजारच्या उघड्या जमिनीपेक्षा थंड राहते. हा थर खरवडला किंवा जळला, तर उन्हाळ्यात वितळणाऱ्या मातीची खोली वाढते आणि तिच्यात साठलेले जुने सेंद्रिय द्रव्य कुजायला मोकळे होते.

एवढ्या विपुल वनस्पतीला खाणारे प्राणी मात्र मोजकेच. मॉस पचायला जड आणि पोषणाला हलके असते. अपवाद म्हणजे वुड लेमिंग हा उंदरासारखा छोटा प्राणी, जो नॉर्वेपासून सायबेरियाच्या पूर्व किनाऱ्यापर्यंतच्या स्प्रूस जंगलांत राहतो आणि प्रामुख्याने मॉसच खातो. रेनडिअरच्या हिवाळी चाऱ्याला जे ‘रेनडिअर मॉस’ म्हणतात ते मॉस नसून दगडफुलाचा एक प्रकार आहे, हेही येथे सांगून टाकावे, कारण हा गोंधळ अनेक ठिकाणी छापलेला आढळतो. माणसांनी मॉसचा उपयोग केला तो घरासाठी: स्कँडिनेव्हिया आणि रशियातील ओंडक्यांच्या घरांत दोन ओंडक्यांमधील फट वाळवलेल्या मॉसने बुजवत असत.

अलीकडचा उपयोग वेगळा आहे. मुळे नाहीत, मेणचट आवरण नाही, सगळे काही हवेतून आणि पावसातून येते, म्हणजे हवेत जे जड धातू असतील ते मॉसमध्ये साठणारच. हे ओळखून स्वीडनमधील लुंड येथील ओके र्‍यूलिंग आणि गेरमुंड ट्यूलर यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस मॉसचे नमुने तपासून धातूंचे प्रदूषण मोजण्याची पद्धत बसवली. १९९० पासून दर पाच वर्षांनी युरोपातील अनेक देशांत असे सर्वेक्षण होते आणि त्यात ही पिसांची मॉस पहिल्या पसंतीची असतात. नमुना घेताना मागील दोन-तीन वर्षांची वाढच घ्यायची असते, आणि हायलोकोमियमच्या पायऱ्यांमुळे ती नेमकी कापून घेता येते. शिसेयुक्त पेट्रोल बंद होत गेल्याचा परिणाम या नोंदींत स्वच्छ दिसतो: १९९० ते २०१० या काळात युरोपातील मॉसमधील शिशाचे मध्यम प्रमाण सुमारे तीन-चतुर्थांशाने घटले. अलास्कातील रेड डॉग या जस्ताच्या खाणीतून बंदराकडे जाणारा रस्ता एका राष्ट्रीय संरक्षित क्षेत्रातून जातो. त्या रस्त्याकडेच्या हायलोकोमियममध्ये शिसे, जस्त आणि कॅडमियम यांचे प्रमाण रस्त्यापाशी सर्वाधिक आणि दूर जाताना घटत गेलेले आढळले, आणि धूळ कोठपर्यंत उडते हे त्यावरूनच नकाशावर काढता आले.

हाच उघडेपणा मॉसला महागातही पडतो. प्रयोगांत वर्षाला हेक्टरी केवळ चार-साडेचार किलो नत्र वरून दिले असता मॉसमधील स्थिरीकरण जवळजवळ बंद पडले. उत्तर स्वीडनमध्ये रहदारीच्या रस्त्यांलगतच्या मॉसमध्ये ते कमी आणि रस्त्यापासून दूर जाताना वाढत गेलेले दिसले, कारण वाहनांच्या धुरातील नत्राची संयुगे तेथे आयती मिळतात. म्हणजे प्रदूषणातून येणाऱ्या थोड्या नत्राची जंगलात निव्वळ भर पडतेच असे नाही. काही अंशी ते मॉसच्या कामाची जागा घेते.

दुसरा बदल वणव्यांचा. अलास्कातील काळ्या स्प्रूसच्या जंगलांत वणवा वरवरचा लागला तर मॉसचा जळून उरलेला थर शिल्लक राहतो आणि त्यावर पुन्हा स्प्रूस उगवतो. पण कोरड्या, उष्ण वर्षी आग खोलवर जाऊन खनिज माती उघडी पडली, तर तेथे बर्च आणि ॲस्पेन ही रुंद पानांची झाडे आधी जम बसवतात. त्यांची पाने दर शरदात गळून जमिनीवर थर करतात आणि त्या पानांखाली मॉस गुदमरते. मॉस नाही म्हणजे वरचा तो उष्णतारोधक थर नाही. माती उन्हाळ्यात अधिक तापते, पानगळ लवकर कुजते, नत्र भराभर फिरते, आणि या सुपीक होत जाणाऱ्या जमिनीवर रुंद पानांची झाडे आपली जागा पुढची अनेक दशके टिकवून धरतात.